अर्धांगवायूनंतर वाढणारं वजन आणि साखर : प्रश्नोत्तरे

प्रश्न (सिडको) : आठ महिन्यांपूर्वी वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. आधी शुगर कधीच निघाली नव्हती. आता वजन नऊ किलोंनी वाढलंय आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१ आलंय. झटक्यामुळे शुगर लागते का?

६.१ म्हणजे अजून मधुमेह नाही; ५.७ ते ६.४ हा त्याचा उंबरठा. पण ‘कधीच निघाली नव्हती’ यावर मी फारसा विसंबत नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, तरी स्वादुपिंड कित्येक वर्षं जादा इन्सुलिन सोडून साखर आटोक्यात ठेवतं आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. बहुतेकदा हे झटक्याच्या आधीपासूनच सुरू असतं.

झटक्यानंतर त्यात भर पडते. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वाधिक उचलतात ते स्नायू. लुळ्या पायाचे स्नायू वापराविना रोडावतात, त्यांत चरबी साचते. साखर ठेवायचं गोदामच आक्रसतं म्हणा ना.

नऊ किलो कुठून आले, त्याचा अंदाज मला घरी न येताही करता येतो. भेटायला येणारा प्रत्येक जण ‘अशक्तपणा आलाय’ म्हणत डिंकाचे लाडू ठेवून जातो. वडिलांच्या कमरेला टेप लावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० ही आपल्याकडची मर्यादा. मानेची मागची कातडी जाड, काळपट झाली असेल आणि घासून निघत नसेल, तर तो मळ नाही, बहुधा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याचीच खूण आहे.

मात्र वजन उतरवायला त्यांना उपाशी ठेवू नका, चरबीसोबत उरलेला स्नायूही जाईल. भात-पोळी कमी करा. डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडं वाढवा. किडनीचा त्रास असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न (पंचवटी) : सासूबाईंना काठीशिवाय चालता येत नाही. जॉगिंग ट्रॅकवर नेणं अशक्य. मग व्यायाम कसा?

ट्रॅक राहू द्या, खुर्ची पुरे. भिंतीला टेकवलेली, हातांची, न सरकणारी. पावलं थोडी मागे घ्यायची, नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि उठायचं. मग सावकाश बसायचं. धपकन बसलं तर निम्मा फायदा गेला. तुम्ही कमजोर बाजूला उभ्या राहा, पण लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. कमरेला पट्टा बांधून तो धरा. बहुतेक जण सगळा भार चांगल्या पायावर टाकून उठतात. कमजोर पायावरही भार यायला हवा, खरा व्यायाम त्याचाच. किती वेळा, हे फिजिओथेरपिस्ट ठरवतील. जेवणानंतर थोड्या वेळाने केलं तर साखरेला अधिक उपयोग. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा.

प्रश्न (सिन्नर) : आई एकादशी सोडत नाही. साबुदाणा चालेल?

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्यापेक्षा दही, शेंगदाणे, थोडी भगर. मला खरी काळजी उपासाची नाही, त्या दिवशी चुकवलेल्या गोळ्यांची आहे. रक्त पातळ करणारी आणि बीपीची गोळी एकादशीलाही घ्यायचीच.

प्रश्न (नाशिकरोड) : मधुमेह नसतानाही पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी घेतल्यास दुसरा झटका टळतो, असं वाचलं. सुरू करू का?

तुम्ही वाचलंय ते खरं आहे. २०१६ साली आयरिस चाचणीचे निष्कर्ष आले. झटका येऊन गेलेले, मधुमेह नसलेले पण इन्सुलिनला दाद न देणारे ३,८७६ रुग्ण होते. सुमारे पाच वर्षांत पुन्हा झटका किंवा हार्ट अटॅक औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीवर ११.८ टक्क्यांना आला, या औषधावर ९ टक्क्यांना. पण औषध घेणाऱ्यांत वजनवाढ, सूज आणि हाड मोडणंही जास्त दिसलं. आधीच तोल जाणाऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, ते मी पाहिलंय. हार्ट फेल्युअर असेल तर हे औषध नकोच. स्वतःहून सुरू करू नका.

प्रश्न (गंगापूर रोड) : रविवारची मिसळ?

एखाद्या रविवारी चालेल. पाव एकच, उसळ जास्त. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र पातळ, तिखट रस्सा नको. तो श्वासनलिकेत जातो.