पिल्लू आणलंस, आता डबा भर

कुत्र्याच्या पिल्लासाठी प्रथमोपचाराचा डबा हवाच, पण बाजारातली तयार पेटी घेऊ नकोस. त्यात निम्मं सामान माणसांसाठीचं असतं. बिस्किटांचा रिकामा डबा पुरे. गॉझ, रोलर बँडेज, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, सलाईनची बाटली, बीटाडीन (जखमेवर लावायचं जंतुनाशक) आणि एक डिजिटल थर्मामीटर. थर्मामीटर फक्त कुत्र्याचाच ठेव, कारण तो गुदद्वारात घालतात (टोकाला व्हॅसलीन लाव). कुत्र्याचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे १०१ बघून घाबरू नकोस. १०४ च्या वर गेलं तर मात्र थेट डॉक्टर.

बीटाडीन पाण्यात कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून वापर. नख कापताना रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर दाबून धर, थांबतं.

सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही द्यायचं नाही. आयबुप्रोफेनने (आपली वेदनाशामक गोळी) कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल तर मांजरीला एका गोळीतही मारू शकतं. जखमेवर टर्पेंटाइन ओतायचा सल्लाही कोणीतरी देईलच. ऐकू नकोस, कातडी भाजते.

दुखत असलं की गरीब कुत्रंही चावतं. माझ्या लाडक्या कुत्रीने पाय मोडला तेव्हा माझाच अंगठा फोडला होता. तेव्हापासून तोंड बांधायला सुती पट्टी डब्यात सगळ्यात वर असते. उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर मात्र तोंड बांधू नकोस.

रात्री उघडा असणारा दवाखाना आजच शोध आणि त्याचा नंबर झाकणावर चिकटव.