फोटोतली ९११ आणि आतली ९११

प्रश्न : २००२ ची पोर्शे ९११ कॅरेरा (९९६ पिढी) ऑनलाइन विक्रीला आहे. फोटो सुंदर, रनिंग कमी. टोकन भरण्याआधी काय तपासावे?

उत्तर : कमी रनिंगवर भाळू नका. उभी राहिलेली गाडी सील आणि टायर वाळवते. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड जवळून काढलेल्या फोटोत मागा. ‘२३१४’ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. टायर इतके जुने असतील तर खाचांची खोली कितीही दिसो, ते बदलायचेच.

खरी धास्ती इंजिनाची. या मॉडेलच्या एम९६ इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचे (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या यंत्रणेला गती पोचवणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग तुटले, तर टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, सरकते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि बहुधा पूर्ण इंजिन जाते. बेअरिंग बदलल्याचे बिल तारखेसह मागा. ‘बदललंय’ हे तोंडी उत्तर धरू नका. बिल नसेल तर क्लचसोबतच ते काम करून घ्या, कारण दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. (टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळे इंजिन असते, त्यांना हा त्रास नाही.)

पोर्शे जाणणाऱ्या त्रयस्थ मेकॅनिककडून तेलाचा फिल्टर कापून धातूचे कण पाहून घ्या, बोअरस्कोपने (इंजिनात घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर उभे ओरखडे शोधा. सहावा सिलिंडर आधी. एकाच सायलेन्सरच्या तोंडाशी जास्त काजळी असेल तर ओरखड्यांचा संशय पक्का.

चासी नंबर समोरची काच, दाराची चौकट आणि कागदपत्रे तिन्हीकडे जुळला पाहिजे. विक्रेता तपासणीला नकार देत असेल तर ती गाडी सोडा.