रूममेट्ससाठी अ‍ॅप बनवायचंय, त्यात कोणते फीचर्स ठेवू?

प्रोजेक्टसाठी विचारताय म्हणून सांगतो, मी पुण्यात कर्वेनगरला चौघांच्या फ्लॅटवर राहतो.

नुसता हिशोब ठेवणारं अजून एक अ‍ॅप नका बनवू, त्याला स्प्लिटवाइज 2011 पासून आहे. चौघांत देण्याघेण्याच्या सहा जोड्या होतात पण गोळाबेरीज केली की जास्तीत जास्त तीन पेमेंटमध्ये सगळं मिटतं, ते गणित सोपंय. अवघड असतं ते मागणं. ज्याने लाइट बिल भरलं तोच दर महिन्याला ग्रुपवर "भावांनो पैसे टाका" करत बसतो आणि वर चिंगूस पण तोच ठरतो. हा वाईटपणा अ‍ॅपने घ्यावा, म्हणजे तारीख आली की आठवण अ‍ॅपच्या नावाने जाणार, सोबत रक्कम आणि यूपीआयचा क्यूआर. (यूपीआयवर एकमेकांना कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे पैसे मागणारी रिक्वेस्ट, पाठवायची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद आहे, तिच्या भरवशावर डिझाइन करू नका.)

दुसरं म्हणजे सरसकट भागिले चार चालत नाही. महावितरणचं बिल स्लॅबवर असतं, 100 युनिटच्या वर गेलं की दर चढतो, 300 च्या वर अजून, आणि एसी एकाच्याच खोलीत असेल तर बाकीच्यांनी का भरायचं? फेब्रुवारीचं बिल बेस धरा, उन्हाळ्यात त्याच्यावर जे येईल ते एसीवाल्याचं, असा नियम अ‍ॅपमध्ये टाकता आला पाहिजे. तसंच कोणी पंधरा दिवस गावी गेला तर दूध-भाजीतून सुटतो पण मावशींच्या पगारातून नाही, म्हणून प्रत्येक खर्चाला ही सेटिंग वेगळी हवी.

खरी भांडणं डिपॉझिटवर होतात. अ‍ॅग्रीमेंट 11 महिन्यांचं, एक जण मधेच जॉब बदलून निघतो, नवा येतो तो डिपॉझिट परस्पर जुन्याला देतो आणि शेवटी मालक रंगकामाचे पैसे कापतो तेव्हा ते सगळे नव्याच्या माथी. प्रत्येकाच्या येण्या-जाण्याच्या तारखेला खोलीचे फोटो आणि कोणी कोणाला किती दिले हे अ‍ॅपमध्ये राहू दे, हे एवढं नीट केलंत तरी मी वापरेन.

कचरा कोण टाकणार वगैरेला साधी पाळी लावा, पॉइंट्स-बॅज नकोत, कंटाळा येतो. आणि चौघांनी इन्स्टॉल केलंच पाहिजे अशी अट ठेवलीत तर अ‍ॅप मेलंच समजा, एक जण तरी "स्टोरेज फुल आहे रे" म्हणतोच, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकवरून सगळं दिसलं पाहिजे.