सांगता येते, मग लिहिता का येत नाही?

खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत समुपदेशनासाठी गेले की मोबाइल आणि परीक्षेची भीती यांच्या खालोखाल पालक जी तक्रार मांडतात, ती लेखनाची असते. मुलाला सगळे समजते, विचारले की धडाधड सांगतो, पण ‘माहिती लिहा’ असा प्रश्न आला की चार ओळींत त्याचे लिहिणे आटोपते. मुलाच्या बुद्धीत काही कमी आहे, की तो नुसता आळशी आहे, असे पालक विचारतात आणि विचारतानाच यांपैकी एक उत्तर त्यांनी मनाशी धरलेले असते. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत पाचवीत शिकणाऱ्या एका मुलाच्या आईने हाच प्रश्न मला विचारला होता. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही तपशील येथे दिलेले नाहीत.

“मॅडम, याले सारं समजते, सांगते बी,” आई म्हणाली. “पण लिवाले बसला का हातच चालत नाही. यंदा पाचवीले परीक्षा हाये म्हणते. नापास करतीन का याले?”

तिच्या भीतीला आधार होता. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुरवणी परीक्षेची संधी मिळते, मात्र तीतही तो अनुत्तीर्ण झाला तर त्याला त्याच वर्गात राहावे लागते. म्हणून मी सर्वप्रथम अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणे-लिहिणे अडखळण्याची, शक्यता पडताळून पाहिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणीचा समावेश असल्याने अशा मुलांना सवलती मिळू शकतात, आणि शंका असताना तपासणी लांबणीवर टाकणे बरे नव्हे. हा मुलगा वयानुसार अस्खलित वाचत होता, फळ्यावरचा मजकूर न चुकता उतरवीत होता आणि अक्षरे गाळण्याची किंवा उलटीपालटी लिहिण्याची सवय त्याला नव्हती. अडचण वेगळ्या ठिकाणी होती आणि ती त्याच्या वहीतच सापडली.

वहीत ‘कापूस’ या विषयावर माहिती लिहिलेली होती. “कापूस हे महत्त्वाचे पीक आहे. कापसाला पांढरे सोने म्हणतात. कापसाचे अनेक उपयोग आहेत. एकरी शंभर क्विंटल कापूस होतो. आपण कापसाची काळजी घेतली पाहिजे.” खाली लाल शाईने १० पैकी ६ गुण आणि ‘मुद्देसूद लिही’ असा शेरा होता. मी वही मिटली आणि घरच्या शेतातल्या कापसाविषयी त्याला सहज विचारले. पऱ्हाटीला (कापसाच्या झाडाला) आधी पाती, म्हणजे फुलाची कळी, लागते, मग फूल उमलते, ते पहिल्या दिवशी पांढरट असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, फूल गळाले की बोंड धरते, हे तो न थांबता सांगत गेला. दव वाळल्याशिवाय वेचायला का जायचे नाही, याचे कारणही त्याला नेमके ठाऊक होते: कापूस ओला राहिला तर बाजारात भाव उतरतो. यातले एकही वाक्य वहीत नव्हते. का नाही, असे विचारले तेव्हा त्याने माझ्याकडे जरा नवलानेच पाहिले. “मॅडम, ते कायले लिवा लागते? ते तर सगळ्याइले माहीत हाये.”

मुलाचे हे उत्तर अगदी तर्कशुद्ध होते. त्याच्या लेखनाचे वाचक दोनच, गुरुजी आणि वर्गमित्र, आणि दोघेही कापसाच्याच गावात राहणारे. ज्याला माहीत आहे त्यालाच माहिती सांगायची असेल, तर पुस्तकी वाक्ये मांडून गुण मिळवणे एवढेच काम उरते, आणि तशी वाक्ये पुरवायला निबंधाची गाइडे घरोघरी असतातच. कॅनडातील संशोधक कार्ल बेरायटर आणि मार्लिन स्कार्डामालिया यांनी १९८७ मध्ये असे मांडले होते की, नवशिके लेखक विषय ऐकल्यावर जे आठवेल ते एकामागून एक उतरवतात आणि आठवणे थांबले की लिहिणेही थांबवतात. वाचकाला काय हवे, हा विचार त्या प्रक्रियेत शिरतच नाही. आमच्या मुलांच्या बाबतीत मला याहून थोडे वेगळे दिसते. त्यांना आठवत असते पुष्कळ, पण त्यातले घरचे, शेतातले ज्ञान कागदावर नेण्याच्या लायकीचे नाही, असे त्यांनी कधीतरी मनाशी ठरवून टाकलेले असते.

‘मुद्देसूद लिही’ या शेऱ्याने मुलाच्या हाती काही लागत नाही, कारण मुद्दा कुठे सुटला हे त्याला त्यातून दिसत नाही. त्याला स्वतः करता येईल अशी एखादी परीक्षा हवी होती. मी त्याला सांगितले, “बेटा, तुझ्या प्रत्येक वाक्यातला ‘कापूस’ काढ आणि तिथे ‘तूर’ घालून वाच. वाक्य तरीही खरे राहिले, तर कापसाबद्दल त्यात फारसे काही सांगितलेले नाही.” तूर हे महत्त्वाचे पीक आहे. तुरीचे अनेक उपयोग आहेत. आपण तुरीची काळजी घेतली पाहिजे. तिसऱ्या वाक्याला तो स्वतःच हसू लागला. पाचांपैकी तीन वाक्ये तुरीलाही लागू पडली, ‘पांढरे सोने’ टिकले, आणि उरले शंभर क्विंटलचे वाक्य. तूर घातली की तेही खोटे ठरत होते, पण ते कापसालाही लागू नव्हते. (सुरुवातीचे एखादे सर्वसाधारण वाक्य चालते. प्रत्येकच ओळ अनोखी असावी असा हट्ट धरला, तर मूल लिहायलाच घाबरते.)

शंभर क्विंटल हा आकडा कुठून आला, हे त्याला सांगता येईना. माहितीपर लेखनात मुले मोठा आकडा शोभेसाठी घालतात आणि मोठी माणसे तो न वाचता पुढे जातात. मी आकडा खोडला नाही, तर त्याच्यापुढे लहानसे प्रश्नचिन्ह काढले आणि घरी विचारून यायला सांगितले. कोरडवाहू शेतात एकरी सहा-सात क्विंटल आले तरी पुष्कळ झाले, असे बाबांनी सांगितल्याचे त्याने दुसऱ्या खेपेला लिहून आणले आणि पुढे ‘असे माझ्या बाबांनी सांगितले’ हेही जोडले. माहिती कोणाकडून घेतली हे लिहिण्याची सवय दहा-अकराव्या वर्षी लागली, तर मोठेपणी तिचे वेगळे धडे द्यावे लागत नाहीत.

वर्गशिक्षकांशी झालेले बोलणे अधिक नाजूक होते, कारण तपासणीचा भार त्यांच्यावर होता आणि दोन वर्ग एकत्र बसवून ते शिकवत होते. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यात प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवाव्या लागतात, आणि गुरुजींची नोंदवही खरोखर काळजीने भरलेली होती. मात्र ती कपाटात राहते. ज्याच्याविषयी नोंद आहे त्या मुलाला ती कधी दिसत नाही, त्याच्या वहीत येतो तो आकडाच. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी गुरुजींना सांगितला. त्यात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त अभिप्राय आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांत. अभिप्रायाला गुण जोडले की मुले आकडा पाहतात आणि अभिप्राय वाचायचा राहतो. पहिल्या खर्ड्यावर गुण न लिहिता केवळ दोन प्रश्न लिहायचे आणि गुण दुसऱ्या लेखनाला द्यायचे, हे गुरुजींनी मान्य केले. प्रश्न दोनच ठेवले, कारण त्याहून जास्त प्रश्न पाहिले की मूल वही मिटून टाकते आणि तीस-पस्तीस वह्यांवर लिहिणे गुरुजींनाही झेपले नसते.

खरा फरक पडला तो गुरुजींना सुचलेल्या एका गोष्टीमुळे. त्यांचा अध्यापक विद्यालयातला एक मित्र भंडारा जिल्ह्यात धानाच्या पट्ट्यात शिक्षक आहे. दोघांनी आपापल्या वर्गातील खर्ड्यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाठवून अदलाबदल केली. तिकडच्या मुलांनी कापूस दुकानातल्या गादीत पाहिलेला, शेतात नाही. त्यांचे प्रश्न आले: पाती म्हणजे पान का? फूल गुलाबी झाल्यावर तोडतात का? सरकी कुठे असते? इकडच्या मुलांनीही तिकडचे ‘धान’ वाचून विचारले की पऱ्हे (धानाची रोपे) एकदा उगवले, तर ते उपटून पुन्हा रोवणी करायची भानगड कशासाठी. ज्याला खरोखर माहीत नाही असा वाचक मिळाल्याबरोबर ‘सगळ्याइले माहीत हाये’ ही सबब आपोआप गळून पडली. वर्गात कोलामी बोलणारी, पोडावरची (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची) मुलेही होती. ती मराठीत लिहायला कचरतात, पण त्यांच्याही वहीत त्या आठवड्यात मोहफूल कसे वेचतात आणि वाळवतात हे आले.

आमच्या मुलाचा दुसरा खर्डा दोन पाने झाला आणि नवी अडचण उभी राहिली: फुलावरून तो थेट जिनिंगवर (कापसातून सरकी काढण्यावर) गेला आणि तिथून पेरणीकडे परतला. क्रम लाव, असे सांगून लहान मुलाला क्रम लागत नाही. त्याने वाक्यांच्या पट्ट्या कापल्या, जमिनीवर मांडल्या आणि जूनमधल्या पेरणीपासून दसरा-दिवाळीच्या वेचणीपर्यंत स्वतःच लावून पाहिल्या. कुठे जोडणी तुटते हे त्याला कानाने कळावे म्हणून मोठ्याने वाचायला लावले, तेव्हा ‘त्यानंतर’ आणि ‘म्हणून’ हे शब्द त्याने आपणहून घातले. दोन पट्ट्या कुठेच बसेनात, त्या त्याने बाजूला ठेवल्या. आपलेच वाक्य वगळण्याची ही तयारी मला लांबलचक लेखनापेक्षा मोलाची वाटते.

आईची एक काळजी मात्र राहिली होती. “मी चौथी शिकली, मॅडम. मी कायचं तपासू याचं?” मी त्यांना म्हटले, “ताई, ऱ्हस्व-दीर्घ गुरुजी पाहतील. तुम्ही फक्त ऐका, आणि जिथे चुकीचे वाटेल तिथे थांबवा.” पहिल्याच संध्याकाळी त्यांनी त्याला थांबवले. बोंडे एकाच दिवशी सगळी फुटतात, असे त्याने लिहिले होते. पऱ्हाटीवर ती मागेपुढे फुटतात आणि म्हणूनच वेचा पुन्हा पुन्हा करावा लागतो, हे आईइतके नेमके वर्गात कोणाला सांगता आले नसते. तो तपशील लेखनात आला आणि भंडाऱ्याच्या मुलांनी त्यावरच सर्वांत जास्त प्रश्न विचारले.

‘फुटते’, ‘व्हते’ अशी बोलीतली रूपे खर्ड्यात होती. ती आम्ही शेवटच्या लेखनापर्यंत तशीच राहू दिली, कारण पहिल्याच ओळीत व्याकरणासाठी अडवले की मूल पुन्हा गाइडातल्या बिनचूक वाक्यांकडे वळते. अखेरच्या प्रतीत त्याने गुरुजींबरोबर बसून ती प्रमाणभाषेत बदलली.

परीक्षेत दोन खर्डे लिहायला वेळ नसतो, हा आईचा पुढचा प्रश्न रास्त होता. तिथे पट्ट्या नाहीत आणि भंडाऱ्याचा वाचकही नाही. त्यामुळे उत्तर लिहायच्या आधी समासात चार शब्दांत क्रम टिपायचा आणि शेवटची पाच मिनिटे राखून तुरीची परीक्षा एकदा घ्यायची, एवढेच त्याने सरावात ठेवले आहे. ‘आपण कापसाची काळजी घेतली पाहिजे’ हे वाक्य तो अजून शेवटी लिहितो. तपासणाऱ्यांना ते आवडते, असे त्याचे म्हणणे आहे, आणि गुरुजींनी ते खोडलेले नाही.