वाचकांचे प्रश्न : नाताळची भेट कोणाच्या हातची?

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आमच्या वाचकांची या महिन्यातील बहुतेक पत्रे एकाच विषयावर आहेत. नाताळ आणि नववर्षाच्या खरेदीत तिथल्या मूलनिवासी, म्हणजे ॲबोरिजिनल आणि (उत्तरेकडील बेटांवरच्या) टोरेस स्ट्रेट आयलंडर समाजांची कला व त्यांचे व्यवसाय यांना स्थान कसे द्यावे, हा तो विषय. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : सुट्टीत भारतात जाताना नातेवाइकांसाठी ॲबोरिजिनल नक्षीचे बूमरँग, मग, टी-टॉवेल अशा वस्तू न्याव्यात असे मनात आहे. पर्यटकांच्या बाजारात त्या स्वस्तात मिळतात, पण त्या अस्सल आहेत की नाहीत हे कसे ओळखावे? — एक वाचक, मेलबर्न

उत्तर : ही शंका आपल्याला खरेदीच्या आधी आली हे बरे झाले. ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारी सल्लागार संस्थेने २०२२ साली दिलेल्या अहवालानुसार, मूलनिवासी शैलीच्या स्मरणवस्तूंवर ग्राहक जेवढा खर्च करतात, त्यातील निम्म्याहून अधिक पैसा कोणत्याही मूलनिवासी कलाकाराशी काडीचाही संबंध नसलेल्या वस्तूंवर जातो. बिरूबी आर्ट नावाच्या घाऊक विक्रेत्या कंपनीचे प्रकरण या दृष्टीने माहीत असावे असे आहे. या कंपनीने २०१५ ते २०१७ या काळात १८,००० हून अधिक बूमरँग, डिजरीडू (लांब, पोकळ फुंकवाद्य) आणि तत्सम वस्तू दुकानांना विकल्या. त्यांवर ‘ॲबोरिजिनल आर्ट’, ‘हँड पेंटेड’ असे शब्द होते, प्रत्यक्षात मात्र त्या इंडोनेशियात बनलेल्या होत्या. ही ग्राहकांची दिशाभूल आहे, असा निकाल फेडरल कोर्टाने २०१८ साली दिला आणि पुढच्या वर्षी २३ लाख डॉलरचा दंड ठोठावला. तोवर कंपनी अवसायनात निघाली होती. यातील कळीचा मुद्दा असा की, कारवाई वस्तू नकली होत्या म्हणून झाली नाही, तर त्या अस्सल असल्याचा आभास निर्माण केला म्हणून झाली. असा आभास निर्माण न करता विकलेली नकली वस्तू ग्राहक संरक्षण कायद्याच्या तावडीतून सहज निसटते, आणि त्यामुळे पारख करण्याचे काम बरेचसे आपल्यावरच येऊन पडते.

दुकानात वस्तू हातात घेतली की ती उलटी करून मागचे लेबल वाचावे. कलाकाराचे पूर्ण नाव, त्याचा समाज किंवा गाव, मूळ चित्राचे शीर्षक आणि ते चित्र परवान्याने वापरल्याचा उल्लेख हे सारे तिथे असेल, तर वस्तू विश्वासार्ह मानायला हरकत नाही. एखादा चहाचा मग प्रत्यक्षात परदेशातील कारखान्यात छापलेला असला, तरी कलाकाराशी रीतसर करार झालेला असेल आणि त्याला मानधन मिळत असेल, तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते नाव नसणे. ‘हस्तकला’, ‘ॲबोरिजिनल शैली’, ‘पारंपरिक रचना’ असे शब्द आहेत आणि माणूस मात्र कुठेच नाही, तर ती वस्तू परत ठेवावी. डिजरीडूच्या बाबतीत लाकूडही बोलके असते. उत्तर ऑस्ट्रेलियातील अस्सल वाद्य हे वाळवीने आतून पोखरलेल्या युकॅलिप्टसच्या खोडाचे असते, म्हणून ते जड आणि आतून ओबडधोबड लागते, तर स्वस्तातले पुष्कळदा बांबूचे असते. दुकानदाराला विचारावे की हे कोणी केले, ते कुठले आणि त्यांना पैसे कसे मिळतात. तो चाचरू लागला, तर आपले उत्तर आपल्याला मिळालेच. इंडिजिनस आर्ट कोड या मूलनिवासी कलेच्या विक्रीसाठी असलेल्या आचारसंहितेचा सदस्य असलेला विक्रेता निवडला, तर काम अधिक सोपे होते.

प्रश्न : नव्या घरासाठी या नाताळात एक ॲबोरिजिनल चित्र घ्यायचे ठरवले आहे. गॅलरीतून घ्यावे, इंटरनेटवरून घ्यावे की थेट कलाकाराकडून? आमच्या खर्चातील किती भाग खरोखर कलाकारापर्यंत पोहोचतो? — एक दांपत्य, ब्रिस्बेन

उत्तर : शक्य असेल तर आर्ट सेंटरकडून घ्यावे, आणि गॅलरीतून घ्यायचे असल्यास ती गॅलरी चित्रे कोणत्या आर्ट सेंटरकडून आणते हे विचारावे. दुर्गम वस्त्यांमधील ही केंद्रे मूलनिवासींच्याच मालकीची असतात; ती रंग व कॅनव्हास पुरवतात, प्रत्येक चित्राची नोंद ठेवतात, विक्री करतात आणि विक्रीच्या रकमेतील ठरलेला, साधारणतः निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा कलाकाराला देऊन उरलेल्या पैशातून केंद्र चालवतात. आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या वाळवंटी चित्रशैलीचा उगम ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला असलेल्या पापुन्या वस्तीत १९७१ च्या सुमारास झाला. तिथल्या शाळेच्या भिंतीवर वडीलधाऱ्या पुरुषांनी मधमुंगीच्या (पोटात मध साठवणाऱ्या मुंगीच्या) पुराकथेचे भित्तिचित्र काढले, आणि पुढच्याच वर्षी कलाकारांनी पापुन्या तुला आर्टिस्ट्स ही स्वतःची कंपनी स्थापन केली. ती आजही कलाकारांच्याच मालकीची असून ॲलिस स्प्रिंग्जमध्ये तिची गॅलरी आहे.

नोंदीला एवढे महत्त्व का, हे एका चित्रावरून कळेल. पापुन्याच्या याच पहिल्या पिढीतील चित्रकार जॉनी वारंगकुला यांनी १९७२ साली रंगवलेले एक चित्र तेव्हा सुमारे १५० डॉलरना विकले गेले, आणि १९९७ च्या लिलावात त्याला दोन लाखांहून अधिक डॉलर मिळाले. त्या वेळी चित्रकार हयात होते, गरिबीत होते, आणि त्या रकमेतील एक सेंटही त्यांना देण्याचे बंधन कोणावर नव्हते. हे मला आजही संतापजनक वाटते. २०१० पासून लागू झालेल्या कायद्यामुळे आता चित्र १,००० डॉलर किंवा अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर पाच टक्के रक्कम कलाकाराला आणि त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे त्याच्या वारसांना मिळते. अर्थात चित्र कोणाचे हे कागदावर नसेल, तर हा हक्क बजावायचा कोणी? म्हणून आर्ट सेंटरचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय चित्र घेऊ नये. त्यावर कलाकाराचे नाव, भाषासमूह, चित्राची कथा आणि केंद्राचा नोंदणी क्रमांक असतो.

थेट कलाकाराकडून घेण्यात मुळात चूक नाही. अनेक शहरी मूलनिवासी कलाकार स्वतःच आपले काम विकतात, आणि त्यांच्याकडून अवश्य घ्यावे. सावध राहायचे ते मधल्या माणसाबाबत. वाळवंटातील वयोवृद्ध कलाकारांना उसने पैसे किंवा जुनी गाडी देऊन त्या बदल्यात घाईघाईने चित्रे काढून घेणाऱ्या दलालांना तिकडे ‘कार्पेटबॅगर’ म्हणतात. त्यांच्या वर्तनाची दखल २००७ साली सिनेटच्या चौकशी समितीनेही घेतली, आणि वर उल्लेखलेली आचारसंहिता त्यानंतरच आकाराला आली. कलाकार चित्रासोबत बसलेला दाखवणारे छायाचित्र हा सचोटीचा पुरावा ठरत नाही, कारण असे छायाचित्र या दलालांकडेही असते.

चित्राला खर्च जास्त होत असेल, तर त्जान्पी डेझर्ट वीव्हर्स या उपक्रमातील टोपल्या आणि गवताचे पक्षी जरूर पाहावेत. मध्य ऑस्ट्रेलियातील स्त्रियांच्या एनपीवाय विमेन्स कौन्सिल या संघटनेने १९९५ साली तो सुरू केला. रानातून गोळा केलेले गवत, राफियाचे धागे, रंगीत लोकर आणि कधी इमूची पिसे यांतून उभा राहिलेला एखादा पक्षी मान वाकडी करून असा काही पाहतो की घरातले लहान मूल त्याला नाव ठेवल्याशिवाय राहणार नाही. २००५ मध्ये याच स्त्रियांपैकी काहींनी गवताची पूर्ण आकाराची टोयोटा गाडी विणून देशातील सर्वोच्च मूलनिवासी कलापुरस्कार मिळवला होता.

प्रश्न : आमच्या मंडळातील मुलांकडून ॲबोरिजिनल पद्धतीची ठिपक्यांची चित्रे काढून घेऊन त्यांची शुभेच्छापत्रे विकावीत आणि जमलेले पैसे एखाद्या संस्थेला द्यावेत, अशी कल्पना आहे. यात काही वावगे आहे का? — एक कार्यकर्ती, सिडनी

उत्तर : हेतू उत्तम आहे, तरीही हा बेत बदलावा असे मी सुचवेन. ठिपके ही मोकळी पडलेली सजावट नव्हे. पश्चिम वाळवंटातील सुरुवातीच्या चित्रांत पवित्र चिन्हे उघडपणे आल्यामुळे इतर समाजांतील जाणत्यांनी हरकत घेतली, आणि त्यानंतर ती झाकण्यासाठी ठिपक्यांचे थर वाढत गेले, असे मानले जाते. कोणती कथा कोणी रंगवायची याचा अधिकार जन्माने, नात्याने आणि भूमीने ठरतो. त्या समाजातल्याच माणसालाही दुसऱ्याच्या वाट्याची कथा परवानगीशिवाय रंगवता येत नाही. व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर मूलनिवासी कलाकारांची चित्रे न विचारता उतरवल्याच्या खटल्यात १९९४ साली ऑस्ट्रेलियन न्यायालयाने भरपाई ठरवताना या सांस्कृतिक हानीचाही विचार केला होता. परक्याने आपली कथा पायाखाली अंथरावी, याची लाज आपल्याच समाजात कलाकाराला सोसावी लागते, हे तिथे मांडले गेले.

मुलांनी चित्रे काढावीत, पण स्वतःची: सुट्टीत पाहिलेली गोआना (तिकडची घोरपड), अंगणात येणारे कुकाबरा पक्षी, नाताळच्या दिवशीचा समुद्रकिनारा. आणि मंडळाच्या खर्चातून एखाद्या स्थानिक ॲबोरिजिनल कलाकाराला त्यांचे रीतसर मानधन देऊन कार्यशाळेसाठी बोलवावे. ते कलाकार शिकवतील आणि परवानगी देतील तेवढे मुलांनी जरूर करावे. मानधनाचा शब्द मुद्दाम लिहिला आहे, कारण संस्कृतीची ओळख करून देणे ही सेवा फुकटात मिळावी अशी अपेक्षा आपल्याकडूनही नकळत होते. शुभेच्छापत्रे विकायचीच असतील, तर मूलनिवासी कलाकारांची परवानाप्राप्त पत्रे घाऊक विकत घेऊन तीच स्टॉलवर ठेवता येतील.

प्रश्न : कार्यालयातील सहकाऱ्यांसाठी भेटींच्या टोपल्या करायच्या आहेत. मूलनिवासींच्या मालकीचे व्यवसाय नेमके कुठे सापडतात? — एक वाचक, कॅनबेरा

उत्तर : सप्लाय नेशन या संस्थेची सूची इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. त्यात नोंदणीकृत व्यवसायात मूलनिवासींची मालकी किमान ५० टक्के असते, तर प्रमाणित व्यवसायात ती किमान ५१ टक्के असून व्यवस्थापन आणि नियंत्रणही त्यांच्याच हाती असावे लागते. एका टक्क्याचा हा फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही. कागदोपत्री मूलनिवासी भागीदार दाखवून मूलनिवासी व्यवसायांसाठीची सरकारी कंत्राटे मिळवण्याचे प्रकार होतात, आणि त्यांना आळा घालण्याच्या दृष्टीने निर्णय कोण घेते हा प्रश्न कळीचा ठरतो.

टोपलीत काय ठेवावे, तर लेमन मर्टल या लिंबाच्या वासाच्या पानांचा चहा, डेव्हिडसन प्लम या आंबट रानफळाचा जॅम, भाजलेल्या वॉटलसीडची बिस्किटे. वॉटलसीड म्हणजे बाभळीच्या कुळातील झाडांचे बी. भाजून दळले की त्याला कॉफीसारखा खमंग वास येतो. परंतु पाकिटावर ‘बुश फूड’ (तिथले देशी रानखाद्य) असे लिहिलेले असले म्हणून पैसा मूलनिवासींना जातोच असे नाही, किंबहुना या उद्योगाचा फार मोठा भाग इतरांच्याच हाती आहे. मॅकाडेमिया या कवचफळाचे झाड मूळचे क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सचे, पण त्याची मोठी व्यापारी लागवड प्रथम झाली ती हवाईमध्ये. म्हणून पाकिटापेक्षा मालक पाहावा. टोरेस स्ट्रेटच्या एका शेफने मेलबर्नमध्ये उभारलेला माबू माबू हा व्यवसाय या क्षेत्रातील चांगले उदाहरण आहे.

प्रश्न : ॲबोरिजिनल ध्वजाचा टी-शर्ट आम्ही घालणे योग्य आहे का? — एक विद्यार्थी, पर्थ

उत्तर : होय. हॅरल्ड थॉमस यांनी रचलेला आणि १९७१ साली ॲडलेडमध्ये प्रथम फडकलेला हा ध्वज २०२२ पासून सर्वांना मुक्तपणे वापरता येतो. तरीही टी-शर्ट मूलनिवासींच्या मालकीच्या कंपनीकडूनच घ्यावा. ध्वजाच्या मुक्त वापरासाठी मोहीम चालवणारी क्लोदिंग द गॅप्स ही कंपनी कोणते कपडे सर्वांनी घालण्याजोगे आहेत आणि कोणते केवळ मूलनिवासींसाठी, हे स्पष्टपणे नमूद करते.

प्रश्न : नाताळ हा सण मिशनऱ्यांनी आणलेला. त्या निमित्ताने ॲबोरिजिनल संस्कृतीचा गौरव करणे विसंगत वाटत नाही का? — एक ज्येष्ठ वाचक, ॲडलेड

उत्तर : विसंगती आहे, आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. मिशनच्या वसतिगृहांत आईबापांपासून तोडलेली मुले वाढली, भाषा बोलायला बंदी झाली, आणि नाताळच्या दिवसांत घरी परतू न शकलेल्या त्या मुलांची आठवण अनेक कुटुंबांत आजही ताजी आहे. पण हेही तितकेच खरे की कित्येक समाजांनी हा धर्म आपल्या पद्धतीने आपलासा केला. लुथेरन मिशनने १८७७ मध्ये वसवलेल्या हर्मन्सबर्गच्या परिसरातील स्त्रिया जर्मन मिशनऱ्यांनी आणलेली भजने आपल्या पश्चिमी अरांदा आणि पित्जंतजारा भाषांत गातात, आणि २०१५ साली त्यांनी ती जर्मनीत जाऊन गायली. तेव्हा कोणाच्या घरी नाताळ कसा असेल हे गृहीत धरू नये. याच सुट्टीच्या मोसमात २६ जानेवारीही येतो; ब्रिटिश वसाहतीच्या प्रारंभाची आठवण म्हणून साजरा होणारा हा ‘ऑस्ट्रेलिया डे’ अनेक मूलनिवासींसाठी शोकाचा दिवस असतो. शेजाऱ्याला त्या दिवशीच्या शुभेच्छा देण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे.

प्रश्न : उत्तरेकडील झाडाच्या सालीवरचे चित्र नाताळपूर्वी मागवता येईल का? — एक वाचक, डार्विन

उत्तर : आर्ट सेंटरकडे तयार असेल तर मिळेल, पण उशीर करू नये, कारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत अनेक केंद्रे बंद असतात. नवे चित्र मात्र घाईत होत नाही. पावसाळा सुरू झाल्यावर खोडात रस चढतो, तेव्हाच स्ट्रिंगीबार्क जातीच्या युकॅलिप्टसची साल सलग निघते. तिचा खरबरीत थर काढून ती विस्तवावर शेकतात, मऊ झाली की सपाट करून वजनाखाली दिवसेंदिवस ठेवतात, मग दगडावर उगाळलेल्या गेरू, पिवळी माती, पांढरी माती आणि कोळशाच्या रंगांनी काम सुरू होते. उत्तरेकडील यिरकाला वस्तीतील यॉल्ङू समाजाचे कलाकार बारीक रेषांसाठी माणसाच्या मोजक्या केसांचा कुंचला वापरतात, आणि एकेक रेघ एका दमात ओढतात. आपण डार्विनमध्येच आहात, तेव्हा आत्ता एखाद्या केंद्राच्या छापील वस्तू भेट द्याव्यात आणि चित्रासाठी ऑगस्टमध्ये भरणाऱ्या डार्विन ॲबोरिजिनल आर्ट फेअरची वाट पाहावी. तिथे देशभरातील केंद्रे स्वतः येतात आणि कलाकारांशी बोलूनच चित्र निवडता येते.