ट्रंकेतले मोडी कागद आणि पणजोबांच्या मागच्या पिढ्या

आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागदांचं गाठोडं निघालंय पण आडनावाने शोधून काहीच हाती लागत नाही असं तुम्ही लिहिलंय, तर पहिलं सांगतो, आडनावाचा नाद सोडा. जुन्या कागदात ते असेलच असं नाही, कुठे नुसतं पाटील, कुठे गावावरून पडलेलं, सख्ख्या भावांच्या वंशात वेगवेगळी आडनावं लागलेली असतात. गाव आणि बापाचं नाव धरून चला. 'राणोजी बिन सुभानजी' म्हणजे सुभानजीचा मुलगा राणोजी, आणि बाईच्या नावानंतर 'कोम' आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. पिढ्या जुळतात त्या इथेच.

जमीन असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करून जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, काढा, माणूस वारला की वारसाची नोंद होते आणि त्यात मुलं, विधवा बायको सगळे एका जागी सापडतात. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते बघा. शाळेचं जुनं रजिस्टरही सोडू नका.

नाशिकला मात्र जाच. रामकुंडावरच्या उपाध्यायांच्या वह्यांत आपली माणसं क्षौर, पिंडदानाला आली तेव्हाच्या नोंदी असतात, इथे मात्र आडनाव उपयोगी पडतं, ते आणि गाव सांगितलं की आपली वही कोणाकडे ते तिथेच कळतं, आणि पान उघडलं की भाऊ, मुलं, कधी बायकांची नावंसुद्धा, खाली खुद्द पणजोबांची सही. आमची सापडली तेव्हा मी बराच वेळ नुसता त्या सहीवर बोट ठेवून बसलो होतो. पुढच्यांसाठी आपलीही नावं लिहून या.

आता जे कोणी बघत नाही ते, घरातली जुनी भांडी. घंगाळ, परात, पितळी डबे माळ्यावरून काढा, चिंचेने घासा आणि काठ उन्हात तिरका धरून वाचा. लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख घातलेली असते. सरकारी कागदात बाई फक्त कोणाची तरी बायको असते, तिचं माहेर भांड्यावर कळतं. माझ्या पणजीचं माहेर कोरेगावचं हे आम्हाला एका परातीमुळे समजलं, घरात कोणालाच माहीत नव्हतं!

कागदांवर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, आणि गाठोडं सोडताना कागद कोणत्या क्रमाने होते त्याचे फोटो आधी काढा. मोडी वाचून घ्यायला पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. तारखेत शके असेल तर ७८ मिळवा, शके १८१२ म्हणजे १८९०, पौषापासून पुढच्या तिथीला कधीकधी ७९ धरावे लागतात. फसली, म्हणजे महसुलाच्या कागदातला जुना सन असेल तर साधारण ५९० मिळवा. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढची आत्या, मावशी असेल तर या सगळ्याच्या आधी तिच्याकडे जा, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि नावं विचारू नका, कोणाच्या लग्नाला कुठल्या गावाला गेला होतात ते विचारा.