बेस मॉडेलला कंपनीचेच फॉग लॅम्प बसवताय? आधी हे वाचा

नवी गाडी, त्यात टॉप मॉडेलचे पार्ट चढवायची हौस. आम्हीही त्यातूनच गेलोय. जरूर करा. फक्त ‘पार्ट ओरिजिनल आहे, म्हणजे वॉरंटी आपोआप मिळणार’ हे डोक्यातून काढा. पार्टची वॉरंटी वेगळी, गाडीची वेगळी. गाडीसोबत आलेल्या पार्टला गाडीची मुदत लागू होते. नंतर घेतलेल्याला सहसा वेगळी, बहुतेकदा कमी. पुस्तिकेत ॲक्सेसरीजचं पान असतं, ते आधी वाचा.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- पार्ट काउंटरवरून घेऊन बाहेर बसवू नका. डीलरकडेच बसवा. बिलावर पार्ट नंबर आणि फिटिंगची मजुरी, दोन्ही हवं. जॉबकार्डवर (डीलरकडच्या कामाच्या नोंदीवर) गाडीचा चॅसिस नंबर आहे ना, बघा.
- वायर कापू देऊ नका. कपलरला कपलर (प्लगला प्लग) जोडणारं हार्नेसच, म्हणजे तयार वायरिंगचा जुडगाच, मागा.

दुसऱ्या मुद्द्यात मी स्वतः आपटलोय. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे साधारण ९ अँपिअर. बाहेरच्या माणसाने रिले (जास्त करंट वेगळ्या वायरने नेणारा स्विच) न लावता पार्किंग लाइटची वायर सोलून जोड दिला, वर काळी टेप. पावसाळ्यात फ्यूज उडायला लागला. सर्व्हिस सेंटरवाल्याने टेप सोलून दाखवली आणि इलेक्ट्रिकलचा वॉरंटी क्लेम तिथेच नाकारला. चूक माझीच होती, भांडणार कुणाशी?

हो, एक राहिलं: इन्शुरन्स कंपनीलाही कळवा. कोडिंग (गाडीच्या कॉम्प्युटरमधून फीचर चालू करणं), क्रूझ कंट्रोल वगैरे नंतर बघू. आधी पुस्तिका उघडा.